मिरजेहून पंढरपूरला जाणारी छोटी गाडी

प्रश्न (कोल्हापूर): आपल्याकडचे वारकरी मिरजेस गाडी बदलून ज्या बार्शी लाइट रेल्वेने पंढरपूर गाठत, ती मिरजेपर्यंत केव्हा आली आणि तिचे रूळ इतके अरुंद का होते?

उत्तर १: ब्रिटिश रेल्वे अभियंते एव्हरार्ड कॅलथ्रॉप यांनी १८९७ मध्ये बार्शी रोड, म्हणजे आजचे कुर्डुवाडी, ते बार्शी हा मार्ग सुरू केला; तो १९०६ मध्ये पंढरपूरला, १९११ मध्ये लातूरला आणि १९२७ मध्ये मिरजेला पोहोचला. रुळांमधले अंतर अवघे अडीच फूट. खर्च आटोक्यात राहावा म्हणून हलके रूळ वापरून त्यांनी प्रत्येक आसावरचा, म्हणजे चाकांची जोडी जोडणाऱ्या दांड्यावरचा, भार पाच टनांवर मर्यादित ठेवला. ही दूरदृष्टी मला फार मोलाची वाटते.

उत्तर २: १९५४ मध्ये ही रेल्वे सरकारने ताब्यात घेतली. कोल्हापूर–मिरज मार्ग १९७१ मध्ये ब्रॉडगेज झाला, मात्र पंढरपूरची छोटी गाडी एकविसाव्या शतकापर्यंत धावत राहिली.