एल, स्टेल, माइल्ड, स्टॉक : इंग्लंड-अमेरिकेच्या जुन्या मद्यव्यवहारातील काही शब्द

प्रश्न

न्यूयॉर्क राज्यातील एका व्यापारी घराण्याच्या एकोणिसाव्या शतकातील पत्रव्यवहाराचे मी मराठी भाषांतर करीत आहे. घराण्याचा नातेसंबंध आणि व्यवहार दोन्ही इंग्लंडशी असल्यामुळे पत्रांत दोन्ही देशांच्या मद्यांचे उल्लेख आहेत. ‘एल’ (ale, बिअरच्या कुळातील पेय), ‘बिअर’, ‘स्मॉल बिअर’, ‘माइल्ड’, ‘स्टेल’, ‘स्टॉक एल’, ‘प्रेझेंट यूज एल’ असे शब्द सरसकट येतात. ‘स्टेल’ला कोशात ‘शिळे’ आणि ‘माइल्ड’ला ‘सौम्य’ हे प्रतिशब्द मिळतात. परंतु एका पत्रात स्टेल एलला माइल्डपेक्षा चढा भाव लावलेला आहे. शिळ्या मालाला जास्त पैसे कोण मोजील? शिवाय इंग्लंडची एल आणि अमेरिकेची एल या एकच वस्तू समजून दोहोंसाठी एकच शब्द वापरावा काय, याविषयी जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

उत्तर

आपल्याला भावावरून शंका आली, हे योग्यच झाले. ‘स्टेल’चा आजचा अर्थ बिघडलेले, चव गेलेले असा असला, तरी अठराव्या आणि एकोणिसाव्या शतकातील इंग्रजी मद्यव्यवहारात तो दोषदर्शक शब्द नव्हता. मोठ्या लाकडी हौदांत किंवा पिंपांत काही महिने, कधी वर्षभर ठेवून निवळलेली, किंचित आंबूसपणा आणि वेगळाच गंध आलेली बिअर ती ‘स्टेल’. भांडवल तितका काळ अडकून पडत असल्याने आणि गिऱ्हाइकाला ती चव हवी असल्याने तिचा भाव जास्त असे. याउलट ‘माइल्ड’ म्हणजे नुकतीच तयार झालेली, पिंपात भरल्यावर थोड्याच दिवसांत विकली जाणारी बिअर. ती सौम्य असेच असे नाही. एकोणिसाव्या शतकातील लंडनच्या माइल्ड एल पुष्कळदा चांगल्याच कडक असत. गुत्त्यात दोन्ही मिसळून पिण्याचीही रीत होती.

म्हणून ‘स्टेल’साठी ‘मुरलेली’ आणि ‘माइल्ड’साठी ‘ताजी’ हे शब्द मी सुचवीन. लोणच्याला आपण शिळे म्हणत नाही, मुरलेले म्हणतो. इथेही काळ हा दोष नसून गुण आहे. विसाव्या शतकातील ब्रिटिश मजकुरात मात्र ‘माइल्ड’चा अर्थ पालटलेला दिसेल. पहिल्या महायुद्धातील निर्बंधांनंतर ही बिअर पातळ होत गेली आणि पुढे ‘माइल्ड’ म्हणजे कमी मद्यार्काची, बहुधा गडद रंगाची बिअर असे समीकरण झाले. तेथे ‘सौम्य’ चालेल. आपल्या पत्रांत चालणार नाही.

आता ‘एल’ आणि ‘बिअर’ यांविषयी. मध्ययुगीन इंग्लंडमध्ये एल म्हणजे मोड आणून भाजलेल्या सातूचे (म्हणजे माल्टचे), हॉप्स (कडवटपणा आणि गंध देणारी एका वेलीची फुले) न घातलेले पेय. हॉप्स घातलेली बिअर उत्तर समुद्रापलीकडील सखल प्रदेशांतून (आजचे नेदरलँड्स आणि बेल्जियम) चौदाव्या शतकाच्या अखेरीपासून इंग्लंडमध्ये येऊ लागली. दोन्ही पेये बनवणारे लोक बराच काळ वेगळे होते आणि कायद्यानेही त्यांत भेद केला होता. १५३१ च्या कायद्याने एलचे पिंप ३२ गॅलनचे आणि बिअरचे ३६ गॅलनचे ठरवून दिले. हॉप्समुळे बिअर टिकते, हे ध्यानात आल्यावर एलमध्येही हॉप्स पडू लागल्या, आणि अठराव्या शतकात हा भेद हॉप्स आहेत की नाहीत असा न राहता कमी आहेत की जास्त आहेत असा झाला. त्या काळी पोर्टर ही गडद रंगाची बिअर ‘बिअर’च मानली जाई, एल नव्हे. एकोणिसाव्या शतकात बर्टन-अपॉन-ट्रेंट या इंग्लिश गावाच्या ‘पेल एल’ने हाही नियम मोडला, कारण नावाने एल असूनही तिच्यात हॉप्सचा भरणा असे. ही एल पिंपांत महिनोन्‌महिने मुरवून, वरून पुन्हा हॉप्स टाकून मुंबई, कोलकाता आणि मद्रासच्या बंदरांकडे रवाना होत असे, आणि ‘इंडिया पेल एल’ हे नाव त्यावरून रूढ झाले. बर्टनच्या पाण्यात जिप्सम भरपूर असल्याने हॉप्सचा कडवटपणा स्वच्छ उतरतो. लंडनच्या पाण्यात तो तसा उतरत नसे, म्हणून इतर गावांचे बिअरवाले पुढे पाण्यात मुद्दाम जिप्सम घालू लागले.

अमेरिकेत ही विद्या इंग्रजांबरोबर गेली, आणि न्यूयॉर्क राज्यापुरते बोलायचे तर त्याआधी डचांबरोबरही गेली. आजचे आल्बनी सतराव्या शतकात बेव्हरवाइक या नावाचे डच गाव होते आणि तेथे बिअर बनत होती. परंतु शब्द तेच राहिले तरी त्यांखालील वस्तू बदलली. याचे सर्वांत स्पष्ट उदाहरण ‘स्मॉल बिअर’चे आहे. इंग्लंडमध्ये एकाच सातूवर दोन-तीनदा गरम पाणी घालून काढे काढीत. पहिल्या दाट काढ्याची कडक एल होई आणि शेवटच्या पातळ काढ्याची स्मॉल बिअर, जी घरातील नोकर-चाकर आणि मुलेही पीत. आता जॉर्ज वॉशिंग्टन यांनी १७५७ मध्ये आपल्या वहीत लिहून ठेवलेली स्मॉल बिअरची कृती पाहावी. मोठी चाळणभर कोंडा आणि चवीपुरत्या हॉप्स तीन तास उकळायच्या, तीस गॅलन गाळून घ्यायचे, कढत असतानाच त्यात तीन गॅलन मळी घालायची, अंगाइतके कोमट होईपर्यंत थांबून यीस्ट टाकायचे आणि हवा फार थंड असेल तर भांड्यावर घोंगडी पांघरायची. पुढे पिंपात भरून, फसफस जवळजवळ थांबेपर्यंत बूच उघडे ठेवून, आठवडाभराने बाटल्या भरायच्या. यात सातूचे माल्ट कोठेच नाही. ते वसाहतीत महाग आणि दुर्मीळ असे, मळी मात्र वेस्ट इंडीजमधून मुबलक येई. तेव्हा इंग्रजी पत्रातील स्मॉल बिअर ‘पातळ बिअर’ म्हणून निभावून जाईल. अमेरिकन घरगुती मजकुरात तीच तळटीप देऊन ‘मळीची पातळ बिअर’ करावी लागेल. (आपल्याकडे ‘मळी’ म्हटले की साखर कारखान्याचा वास आठवतो, हे मला मान्य आहे, पण ‘काकवी’ म्हणजे साखर न काढलेला पाक, म्हणून तो शब्द येथे चुकेल.)

व्यापारी पातळीवर चित्र वेगळे होते. १८२५ मध्ये ईरी कालवा खुला झाल्यावर राज्याच्या पश्चिम भागातील सातू हडसन नदीकाठी सहज पोहोचू लागला आणि आल्बनी हे एलचे मोठे केंद्र बनले. ‘आल्बनी एल’ हे नाव तेथील कडक, टिकाऊ एलसाठी दूरदूरच्या गावांच्या जाहिरातींत येई. आपल्या पत्रांत जॉन टेलर हे नाव आले असेल, तर ते तेथील सर्वांत मोठे ब्रुअरीमालक. मद्यविरोधी चळवळीतील एडवर्ड डेलावन यांनी १८३५ मध्ये आरोप केला की आल्बनीत माल्ट करण्यासाठी घाणेरड्या डबक्याचे पाणी वापरले जाते. टेलर यांनी बदनामीचा दावा लावला आणि १८४० मध्ये तो हरले. पत्रांत ‘पाणी’ या विषयावर टोमणे दिसले, तर त्यांचा रोख बर्टनच्या गुणकारी पाण्याकडे नसून बहुधा या खटल्याकडे असेल.

आक्षेप

वरील विवेचन उद्बोधक आहे. तथापि एलची व्याख्या इतकी गुंतागुंतीची करण्याची आवश्यकता आहे काय? वर तरंगणाऱ्या यीस्टने, उबदार तापमानात आंबवलेली ती एल आणि तळाशी बसणाऱ्या यीस्टने, थंडीत आंबवलेली ती लागर, ही व्याख्या आज सर्वत्र मान्य आहे. तीच तळटीपेत दिली म्हणजे पुरेसे होणार नाही काय?

उत्तर

आजच्या वाचकाला आजची एल समजावून सांगायची असेल, तर ही व्याख्या पुरेशी आहे. पण ती जुन्या कागदांवर लादणे इष्ट नाही, कारण यीस्टवरून वर्गवारी करण्याचे कारणच मुळी लागर आल्यानंतर निर्माण झाले. अमेरिकेत तळाशी बसणारे यीस्ट १८४० च्या सुमारास फिलाडेल्फियाला पोहोचले. त्यापूर्वी एल, पोर्टर, टेबल बिअर, सारे काही वर तरंगणाऱ्या यीस्टचेच असे. तेव्हा एलला ‘वरच्या यीस्टची’ म्हणणे म्हणजे तिला इतर कशापासूनच वेगळे न करणे. आपले पत्र १८३० चे असेल, तर ही तळटीप वाचकाला काहीच सांगणार नाही.

पुढे मात्र लागरने अमेरिकेत बाजार काबीज केला, आणि इंग्लंड व अमेरिका यांच्या एलची खरी ताटातूट येथून झाली. इंग्लंडमधील एल तळघरातल्या थंडाव्यात, पिंपातच हळूहळू फसफसत राही, तिथेच निवळे आणि तेथूनच हातपंपाने ग्लासात येई. अमेरिकन उन्हाळा इंग्लंडच्या उन्हाळ्याहून कितीतरी कडक, आणि लागरमुळे ग्राहकाला बर्फगार, भरपूर बुडबुड्यांच्या, आरपार स्वच्छ पेयाची सवय लागलेली. म्हणून एल बनवणाऱ्यांनी लागरवाल्यांचे उपाय उचलले. वरच्या यीस्टने आंबवलेली एल थंड कोठीत ठेवायची, तिच्यात ताजी फसफसणारी बिअर थोडी मिसळून वायू निर्माण करायचा आणि काही आठवड्यांत बाजारात पाठवायची, ही रीत तेथे रुजली. हिलाच ‘प्रेझेंट यूज’, ‘क्रीम’, ‘स्पार्कलिंग’ अशी नावे मिळाली. ‘प्रेझेंट यूज एल’ म्हणजे शब्दशः ‘चालू वापराची एल’. मराठीत तेच शब्द ठेवावेत, कारण व्यापाऱ्याच्या तोंडी ते सहज शोभतात. तिला ‘माइल्ड’ समजून दोहोंसाठी एकच प्रतिशब्द वापरण्याचा मोह होईल, परंतु इंग्लिश माइल्ड नुसती ताजी असे, ही ताजी आणि शिवाय थंड करून फसफसवलेली.

‘स्टॉक एल’ ही अमेरिकेत या चालू एलच्या विरुद्ध बाजूस उभी असलेली, म्हणजे साठवून मुरवलेली एल. इंग्लंडमध्येही हाच शब्द होता, आणि लंडनचे बिअरवाले पिंपांवर ताज्या एलसाठी एक्स आणि मुरवायच्या एलसाठी के अशी अक्षरे काढीत; कडकपणाप्रमाणे अक्षरांची संख्या वाढे. हिशेबवहीत ‘एक्सएक्स’ दिसले, तर ते गुणवत्तेचे प्रशस्तिपत्र नसून जातीची आणि कडकपणाची खूण आहे. या मुरलेल्या इंग्लिश बिअरचा विशिष्ट गंध ज्यातून येतो, ते दुसऱ्या टप्प्याचे यीस्ट १९०४ साली कार्ल्सबर्ग या डॅनिश ब्रुअरीच्या प्रयोगशाळेतील क्लाउसेन यांनी वेगळे करून दाखवले आणि त्याला ‘ब्रेटॅनोमायसीस’, म्हणजे ब्रिटिश बुरशी, असे नाव दिले. गंमत अशी की तोपर्यंत इंग्लंडमध्येच मुरवण्याची रीत ओसरू लागली होती, आणि मुरवलेल्या एलचा जुना इंग्लिश संप्रदाय विसाव्या शतकात सर्वांत निष्ठेने पाळला तो न्यू जर्सीतील न्यूअर्कच्या बॅलंटाइन ब्रुअरीने. स्कॉटलंडहून आलेल्या पीटर बॅलंटाइन यांनी आल्बनीतच धंद्याला सुरुवात केली आणि १८४० मध्ये न्यूअर्क गाठले. त्यांच्या ब्रुअरीची इंडिया पेल एल अमेरिकेतील मद्यबंदी उठल्यानंतरही वर्षभर लाकडी हौदांत मुरवली जात असे, इंग्लंडमध्ये याच नावाने कमी मद्यार्काची, लगेच विकली जाणारी बिअर मिळत असताना.

हॉप्सविषयीही थोडे, कारण पत्रांत ‘अमेरिकन हॉप्स’ हलक्या प्रतीच्या म्हणून आल्या असण्याचा संभव आहे. इंग्लिश बिअरवाले त्या आयात करीत, पण उकळण्याच्या टप्प्यातच वापरीत. या हॉप्सचा काळ्या करंट या फळासारखा उग्र वास त्यांना आवडत नसल्याने पिंपात वरून टाकायला इंग्लंडमधल्याच केंट परगण्याच्या ‘गोल्डिंग्ज’ जातीच्या हॉप्स लागत. त्याच उग्र फळवासाच्या जोरावर १९७० नंतरची अमेरिकन एल जगभर गाजली, हे त्या पत्रलेखकांना सांगूनही पटले नसते.

यीस्टवरची व्याख्या कायद्यातही सर्वत्र पोहोचली नव्हती. टेक्सासमध्ये २०११ पर्यंत वजनाने ४ टक्क्यांहून अधिक मद्यार्क असलेल्या बिअरवर, मग ती तळाच्या यीस्टने आंबवलेली लागर का असेना, ‘एल’ किंवा ‘माल्ट लिकर’ असे छापावे लागे; न्यायालयाने त्या वर्षी ते बंधन रद्द केले.

पूरक प्रश्न

खुलासा पटला. मुरलेली, ताजी, चालू वापराची, साठवणीची अशी विशेषणे लावून ‘एल’ हा शब्द तसाच ठेवीन. एवढेच विचारतो की पत्रांतील ‘बॅरल’चे लिटर करून द्यावेत काय?

उत्तर

द्यावेत, पण दोन्ही देशांसाठी एकाच दराने देऊ नयेत. इंग्लंडचे एकोणिसाव्या शतकातील बॅरल ३६ गॅलनचे, आणि १८२४ च्या कायद्यानंतरच्या इंपीरियल गॅलनप्रमाणे ते सुमारे १६४ लिटर भरते. अमेरिकेने जुना वाइनचा गॅलन, २३१ घन इंचांचा, कायम ठेवला. तेथील बिअरचे बॅरल ३१ गॅलनचे, म्हणजे सुमारे ११७ लिटरचे. लिव्हरपूलहून आलेले शंभर बॅरल आणि आल्बनीहून निघालेले शंभर बॅरल यांत या हिशेबाने साडेचार हजारांहून अधिक लिटरचा फरक पडतो. १८२४ पूर्वीचे इंग्लिश पत्र असेल, तर गॅलन २८२ घन इंचांचा, खास एलचा, धरावा, आणि बॅरल कोणत्या देशाचे आहे हे संदर्भावरून ठरत नसेल तर आकडा न बदलता ‘पिंप’ एवढेच लिहावे.