साखर कारखान्यातले गेज लॅबला पाठवायचे की जागेवरच तपासायचे?

पॅनघर: ‘गळीत सुरू व्हायच्या आत सगळे व्हॅक्यूम गेज लॅबला पाठवा, जागेवरचं कॅलिब्रेशन (प्रमाण उपकरणाशी ताडून तपासणं) म्हणजे धूळफेक’, ही कालची पोस्ट वाचून डोकं फिरलं. लॅबला गेज जातो, नळी जात नाही. गेज टॅपिंगच्या, म्हणजे साखर शिजवायच्या पॅनला नळी जिथं जोडली त्या जागेच्या, ६० सें.मी. खाली असेल आणि नळीत पाणी साठलं असेल, तर व्हॅक्यूम पाऱ्याच्या ४४ मि.मी.नं कमी दिसतं. सर्टिफिकेटवर ते येतं का?

लॅबवाला: नळीतलं पाणी काढणं ही साफसफाई झाली, कॅलिब्रेशन नव्हे. आणि चालू पॅनवर पाच वेगवेगळ्या दाबांना वाचनं घेणार कसे? व्हॅक्यूम हललं की साखरेचा दाणा बिघडला.

पॅनघर: पॅनला हात लावायला सांगितलंय कुणी? गेजला पॅनपासून तोडणारा आयसोलेशन व्हॉल्व्ह बंद करा. गेजजवळच्या टी-जोडावर हाताचा व्हॅक्यूम पंप आणि पाऱ्याचा मॅनोमीटर जोडा. चढताना, उतरताना दोन्ही वाचनं घ्या, प्रत्येक वेळी काचेवर टिचकी मारून.

कंडेन्सर_७२०: त्याआधी हवेचा दाब म्हणून समुद्रसपाटीचे ७६० मि.मी. धरणं सोडा! सोलापूर साधारण ४५० मीटर उंचीवर, इथं हवेचा दाब ७२० मि.मी.च्या आसपास. गेजवर ६५० असेल तर पॅनमधला ॲब्सोल्यूट, म्हणजे प्रत्यक्ष उरलेला दाब ७०, तुम्ही धरता ११०. पाणी ४५ अंशांना उकळतंय आणि लॉगबुकात हिशेब ५३ चा.

लॅबवाला: मोबाईलवर तर हवेचा दाब १०१० मिलिबार दाखवतंय.

कंडेन्सर_७२०: ओ साहेब, ॲपमधला आकडा समुद्रसपाटीला आणलेला असतो! इथला खरा ९६० च्या आसपास. लॅबवाल्यानं हे विचारावं म्हणजे कमाल झाली.

लॅबवाला: तोंड सांभाळून बोला. थेट ॲब्सोल्यूट दाब मोजणारा ट्रान्समीटर लावा, ७२० ची कटकटच नको.

बॉयलर_बगॅस: गेजवर भांडत बसा, तिकडे बॉयलरच्या धुरातला ऑक्सिजन मोजणाऱ्या ॲनालायझरची वाट लागलीय. धुराच्या डक्टमधला झिर्कोनिया सेल ओल्या धुरातला ऑक्सिजन मोजतो, हातातला पोर्टेबल मीटर कोरड्या. धुरात २२ टक्के वाफ असली की कोरडा ५ म्हणजे ओला ३.९. दोन्ही बरोबर. पण पोर्टेबलशी जुळवायला स्पॅन (वरच्या टोकाची जुळणी) पिळला की फायरमन हवा तोडतो आणि चिमणीतून काळा धूर. त्यात झिरो (खालच्या टोकाची जुळणी) करायला निव्वळ नायट्रोजन सोडणारे महाभाग! सेलचा सिग्नल लॉगरिदमिक आहे, शून्य ऑक्सिजनला त्याला अर्थच नाही; २ टक्के ऑक्सिजनचा गॅस आणि इन्स्ट्रुमेंट एअर (उपकरणांची स्वच्छ, कोरडी हवा) वापरा. तपासणीचा गॅस बंद केल्यावर वाचन रेंगाळत परत आलं तर फिल्टर राखेनं चोंदलाय.

लॅबवाला: बरं, फिल्टर लॅबमध्ये कळत नाही, मान्य. नळीही द्या तुम्हाला बक्षीस. पण त्या मॅनोमीटरमधला पारा काळा पडून काचेला चिकटला असेल तर तुमची टिचकी काय करणार?

पॅनघर: तो पाठवू लॅबला. मॅनोमीटर फक्त.