गोवा गेला नव्हता

रतन टाटांच्या पाठोपाठ त्यांचा 'गोवा' नावाचा कुत्रा तीन दिवसांत झुरून मेला, असं एका पोस्टमध्ये वाचलं. तो व्हॉट्सॲपवर फिरलेला मजकूर खोटा होता. ९ ऑक्टोबर २०२४ ला टाटा गेले, दुसऱ्या दिवशी एनसीपीए या कलाकेंद्रात गोवाला अंत्यदर्शनाला आणलं होतं, एवढं खरं. पुढची अफवा इतकी पसरली की मुंबईतल्या एका पोलीस अधिकाऱ्याला टाटांचे तरुण सहकारी शंतनू नायडू यांच्याकडे विचारणा करून गोवा ठणठणीत असल्याचं सांगावं लागलं. कुत्र्याने जीव दिल्याशिवाय त्याची निष्ठा आपल्याला पटत नाही की काय कोण जाणे!

मला उलट्या दिशेची निष्ठा जास्त मोलाची वाटते. टाटांच्या मृत्युपत्राच्या ज्या बातम्या आल्या, त्यांत पाळीव प्राण्यांसाठी १२ लाखांचा निधी आणि प्रत्येकाला दर तिमाहीला ३०,००० रुपये अशी तजवीज होती. टिटो या जर्मन शेफर्डला सांभाळायचं काम घरच्या स्वयंपाक्याकडे. म्हणजे ज्याच्या हातचं खायची सवय आहे, त्याच्याकडेच.

आणि त्याच पोस्टमधलं "पैसेवाल्यांना कसला एकटेपणा" हे काही पटलं नाही. एकट्या ज्येष्ठांना तरुण सोबती मिळवून देणाऱ्या नायडूंच्या 'गुडफेलोज'मध्ये टाटांनी पैसे घातले होते. २०२२ मध्ये त्याच्या उद्घाटनाला ते स्वतः बोलले होते, की सोबतीची आस धरून एकटं बसावं लागल्याशिवाय एकटेपणा म्हणजे काय ते कळत नाही. अविवाहित माणूस, वय तेव्हा ८४.