गच्चीवरच्या बागेत अळ्यांचा सुळसुळाट, बिनविषारी उपाय सांगा

गच्चीवाली_लातूर
पाऊस झाल्यापासून अळ्यांनी उच्छाद मांडलाय. कुंडीतल्या लिंबाला आणि कढीपत्त्याला पालवी फुटली की लगेच फस्त. वडीच्या अळूची पानं जाळीदार झालीत, वांग्याचे शेंडे माना टाकायलेत. शेजारच्या शेवग्याच्या खोडावर सुरवंटांचे पुंजके बसलेत ते वेगळंच. घरात लेकरं पानं तोडून तशीच तोंडात घालतात, म्हणून विषारी औषध नको. सासूबाई राख टाक म्हणतात. कुणी स्वतः करून बघितलेलं सांगा.

काळी_माती
ताई, सगळ्यांना एकच औषध चालणार नाही. लिंबू आणि कढीपत्त्यावरची अळी एकच, लिंबावरच्या फुलपाखराची. लहानपणी ती पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसते म्हणून नजरेतून सुटते, मोठी झाली की हिरवीगार. काडीनं डिवचली तर डोक्यामागून नारिंगी शिंगं काढते, उग्र वास सोडते; त्याला घाबरू नका. कोवळ्या पानावर एकेकटी पिवळसर अंडी असतात, ती बोटानं पुसून टाका. दोन-चार कुंड्यांना फवारणी कशाला? वेचणंच बरं.

परभणीकर_काका
अळूवरचं काम वेगळं आहे. ही बहुतेक तंबाखूची पानं खाणारी अळी. पानाखाली भुरकट लव असलेला अंड्यांचा पुंजका दिसला की ते पानच तोडून साबणाच्या पाण्यात बुडवा. पिल्लं सुरुवातीला एकाच पानावर गोळा असतात, तेव्हाच काम सोपं. मोठ्या अळ्या दिवसा मातीत दडतात. रात्री जेवणं झाल्यावर बॅटरी घेऊन जा, मग कळेल चोर कोण ते.

सोबत निंबोळी अर्क. 50 ग्रॅम निंबोळी कुटून फडक्यात बांधून रात्रभर पाण्यात भिजवायची, सकाळी पुरचुंडी चांगली पिळून, गाळून पाणी 1 लिटर करायचं. साबणाचं थोडं पाणी घालून ढवळा, म्हणजे पानाला चिकटतं. त्याच दिवशी संध्याकाळी, पानाच्या खालच्या बाजूनं फवारा. अळी लगेच मरत नाही, तिचं खाणं कमी होतं, कात टाकता येत नाही. दुसऱ्या दिवशी जिवंत दिसली म्हणून "काही उपयोग नाही" म्हणू नका. आपल्याकडं उन्हाळ्याच्या शेवटी लिंबाखाली निंबोळ्यांचा सडा असतो. धुऊन, सावलीत वाळवून ठेवल्या की पुढं उपयोगी पडतात.

गच्चीवाली_लातूर
काका, कडुनिंबच ना? लिंबू नव्हे! 😄 आणि वांग्याला हाच अर्क चालंल?

काळी_माती
वांग्याची अळी शेंड्याच्या आत शिरलेली असते, वरून काहीही मारा, तिला लागणार नाही. वाळलेला शेंडा थोडं खाली हिरव्यापर्यंत कापा, चिरून बघा, आत गुलाबीसर अळी सापडंल. कापलेले शेंडे आणि किडकी वांगी कुंडीत टाकू नका, पिशवीत बांधून बाहेर. कृषी सेवा केंद्रात कामगंध सापळा मिळतो, मादीच्या वासासारख्या वासानं नर पतंग त्यात अडकतात. वांग्याच्या अळीचा ल्युअर, म्हणजे त्या वासाची गोळी आहे का, विचारून घ्या.

मिरची_लसूण
आम्ही तर मिरची-लसणाचं पाणीच मारतो सगळ्यावर.

परभणीकर_काका
मारा, पण लेकरं कच्ची पानं खातात म्हणल्यावर जरा जपून, डोळ्यात गेलं तर रडारड. अन् कपड्याचा साबण जास्त घालू नका, पानं करपतात. शेवग्याचे सुरवंट दिवसा खोडावर झुंडीनं बसतात, तेव्हाच खराट्यानं साबणाच्या पाण्याच्या बादलीत लोटा. हातमोजे घाला, केसांनी अंगाला खाज सुटते.

तुतीवाला_बीड
बीटीची, म्हणजे अळ्या मारणाऱ्या जिवाणूची पावडर पण मिळते, अळ्या लहान असताना भारी काम करते; ऊन लागलं की ताकद जाते, म्हणून संध्याकाळी फवारा. पण आमच्याकडं घरोघरी रेशीम आहे, आणि तुतीचा पाला खाणारी रेशमाची अळी पण अळीच! शेजारी तुती असंल तर बीटी आणि निंबोळी अर्क दोन्ही त्या बाजूला उडू देऊ नका. वारा पडल्यावरच फवारा, नाहीतर शेजाऱ्याशी कायमचं वाकडं येतं.

गच्चीवाली_लातूर
जवळपास तुती नाही, सुटले. आज रात्री बॅटरी घेऊन अळूकडं बघते, उद्या फोटो टाकते. राखेचं कुणी काही बोललंच नाही, सासूबाई विचारायल्यात.

काळी_माती
कोरड्या पानावर थोडी भुरभुरली तर चालते, पाऊस आला की धुऊन जाते. सासूबाईंना सांगा, उघडीप मिळाली की टाकू.