वाटणी गुंठ्यांवर नको, आंब्याच्या कलमांवर करा

वडिलोपार्जित बागेच्या वाटणीबद्दल सांगतात की जमीन महसूल संहितेच्या कलम ८५ खाली संमतीने वाटप करून तहसीलदारांचा आदेश घेतला, फेरफार (सातबारावर नावांची नोंद) झाला, की भावंडांचा प्रश्न मिटला. मार्ग बरोबर आहे आणि वडील हयात असतानाच करावं, हेही शंभर टक्के पटतं. पण कोकणातल्या बागेला समान क्षेत्र म्हणजे समान हिस्सा नव्हे. जुन्या बागेत १० बाय १० मीटरवर हेक्टरी १०० हापूस कलमं (कलम करून लावलेली झाडं) असतात, शेजारच्या हेक्टरात नुसता कातळ. म्हणून आधी कलमं मोजा. प्रत्येक खोडावर ऑइलपेंटने नंबर टाका, वय आणि फळ धरतं की नाही ते लिहा, आणि मग हद्द ठरवा. गडग्यावरचं (हद्दीच्या दगडी बांधावरचं) झाड कुणाचं, हे तिथेच ठरवून टाका, पुढची निम्मी भांडणं त्याच्यावरूनच होतात.

दुसरं, वाटणीपत्रात विहिरीच्या पाळ्या, पंपाचं वीजबिल आणि आंब्याची गाडी आत येईल एवढी वाट, रुंदीसकट लिहा. "पूर्वापार वहिवाटीप्रमाणे" एवढंच लिहिलं तर मागच्या हिस्सेदाराला एप्रिलमध्ये क्रेट डोक्यावरून काढावे लागतात. आणि पोटहिस्सा मोजणी, म्हणजे प्रत्येकाच्या हिश्श्याची वेगळी मोजणी, सोडू नका. सातबारा वेगळे झाले तरी नकाशा एकच राहिला, तर हद्दीला पुरावा उरत नाही. बहिणींची नावं वगळून वाटप तर अजिबात करू नका, हिंदू वारसा कायद्याच्या २००५ च्या दुरुस्तीनंतर वडिलोपार्जित जमिनीत त्यांचा मुलग्यांइतकाच हिस्सा आहे.