मदत हवी आहे: जाळ्यात डॉल्फिन अडकू नयेत म्हणून पाण्यात वाजणारं यंत्र करायला घ्यावं का?

नमस्कार मंडळी. मी वडोदऱ्याची. मकरपुरा जीआयडीसीत माझं आणि माझ्या दिरांचं छोटं इलेक्ट्रॉनिक्सचं वर्कशॉप आहे. चार्जर, टायमर, कंट्रोल पॅनेल अशी कामं. समुद्राशी संबंध एवढाच, की वेरावळच्या एका बोटमालकांचे बॅटरी चार्जर आमच्याकडे दुरुस्तीला येतात.

गेल्या महिन्यात ते स्वतः आले. चहा घेता घेता म्हणाले, या मोसमात जाळ्यातून तीन डॉल्फिन मेलेले निघाले, त्यातलं एक पिल्लू. खलाशांनी जाळं कापून त्यांना मुकाट्यानं समुद्रात सोडून दिलं. डॉल्फिन वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे सर्वात कडक संरक्षणाच्या यादीत आहे, बोललो तर बालंट आपल्यावरच यायचं, म्हणून कुणी तोंड उघडत नाही. जाळं फाटलं ते वेगळंच. मग म्हणाले, "बेन, पाण्यात वाजत राहील अशी एखादी सिटी बनवून द्या ना. बाहेरदेशी मिळते, पण आम्हाला परवडत नाही."

बडोद्यात वाढलेल्या बहुतेकांनी कमाटीबागेतल्या म्युझियममधला निळ्या देवमाशाचा सांगाडा पाहिलेला असतो. १९४४ साली महीच्या मुखाशी वाहून आलेला, सत्तर फुटांहून लांब. बाबा मला त्याच्याजवळ उभं करून सांगायचे, नाव देवमासा असलं तरी हा मासा नाही, हा आपल्यासारखा हवेत श्वास घेतो. जाळ्यात अडकलेला डॉल्फिन बुडून मरतो, हे बोटमालकांचं ऐकताना मला पहिल्यांदा नीट उमगलं. तेव्हापासून ते पिल्लू डोक्यातून जात नाही.

म्हणून वाचायला बसले. अशा यंत्राला पिंगर म्हणतात. डॉल्फिन आवाज सोडून त्याच्या प्रतिध्वनीवरून समोरचं ओळखतो. पण नायलॉनच्या एकेरी धाग्याचा प्रतिध्वनी इतका क्षीण असतो, की डॉल्फिनला जाळ्याचा अंदाज वेळेवर येत नाही. त्यासाठी जाळ्याच्या वरच्या दोरीला साधारण दर १०० मीटरवर एक पिंगर बांधतात. जुन्या प्रचलित पिंगरची रचना अगदी साधी आहे: १० किलोहर्ट्‌झचा स्वर, ०.३ सेकंद लांबीचा, दर ४ सेकंदांनी. विजेवर थरथरून आवाज करणारी पिएझोची चकती, छोटं सर्किट, बॅटरी आणि रेझिनमध्ये पक्कं बंद केलेलं कवच. हे आम्ही करू शकतो. १९९४ साली अमेरिकेच्या गल्फ ऑफ मेनमध्ये मोठी चाचणी झाली. पिंगर लावलेली आणि न लावलेली, प्रत्येकी चारशेच्या वर जाळी होती. वाजणाऱ्या जाळ्यांत २ पॉरपॉइज (डॉल्फिनचे छोटे भाऊबंद) अडकले, मुक्या जाळ्यांत २५.

इथवर वाचून मी खूश होते. पण पॉरपॉइज स्वभावानं बुजरा असतो. बॉटलनोज डॉल्फिनवर याच आवाजाचा भरवशाचा परिणाम दिसलेला नाही. अर्जेंटिनात पिंगरमुळे फ्रान्सिस्काना डॉल्फिन कमी अडकले, पण सी लायनना (सीलसारख्या मासेखाऊ प्राण्यांना) तो आवाज म्हणजे पंगतीचं बोलावणंच वाटलं. ते जाळ्यातले मासे खायला जास्त येऊ लागले. आपल्या गुजरातच्या किनाऱ्याला हम्पबॅक डॉल्फिन आहे, पाठीवर पर नसलेला फिनलेस पॉरपॉइजही आहे. कुणासाठी कोणता स्वर ठेवायचा?

खर्चाचंही बघा. २ किलोमीटर जाळ्याला दोन्ही टोकं धरून २१ नग लागतात. त्यातले दोन-तीन बंद पडले तर तेवढ्या भागात जाळं मुकं होतं आणि ते कुणाला कळतही नाही. माणूस विश्वासानं आपल्याकडे आला आहे. चालेल की नाही याची खात्री नसलेला डबा मला त्यांना विकायचा नाही.

तर विचारायचं आहे:
कोकणात किंवा गुजरातेत कुणी पिंगर प्रत्यक्ष वापरलेला पाहिला आहे का? जाळं ओढायच्या विंचवर तो टिकतो का? आणि हे करायला कुणाची परवानगी लागते?

हर्णैचा_खलाशी
ताई, आधी एक सांगा, जाळं वरच्या पाण्यातलं की तळाचं? वरचं असेल तर यंत्राच्या आधी दुसरा उपाय करून बघा. पाकिस्तानच्या ट्यूनाच्या बोटींनी जाळं पृष्ठभागापासून २ मीटर खाली सोडायला सुरुवात केली आणि डॉल्फिन अडकणं खूपच घटलं. ट्यूनाची पकड फारशी कमी झाली नाही. समुद्र तोच, अरबी. बोये आणि वरची दोरी यांच्यामधली दोरी वाढवायची, बाकी जाळं आहे तेच. तळाच्या जाळ्याला मात्र याचा उपयोग नाही.

आणि भीतीचं म्हणाल तर, आमच्याकडे महाराष्ट्रात २०१८ पासून सरकारी योजना आहे. संरक्षित प्राणी सोडवताना जाळं कापावं लागलं तर २५,००० रुपयांपर्यंत भरपाई मिळते. तेव्हापासून लोक फोटो काढून दाखवायला लागले. वेरावळच्या लोकांना हे नवं नाही, २००४ पासून ते व्हेल शार्कसाठी जाळी कापत आले आहेत.

सिरपूर_तलाव_इंदूर
मी पक्षी बघणारा माणूस, म्हणून पक्ष्यांचं सांगतो, पण ते ताईंच्या कामाचं आहे. लांब दोरीला हजारो गळ लावून मासेमारी करतात तिथे आमिषावर झडप घालणारे अल्बाट्रॉस, म्हणजे मोठे समुद्रपक्षी, गळाला अडकून पाण्याखाली ओढले जातात. त्यावर उपाय म्हणजे बोटीच्या मागे रंगीत पट्ट्या लोंबणारी दोरी सोडायची, गळांना वजन लावायचं आणि गळ रात्री टाकायचे. नामिबियानं २०१५ साली ही पट्ट्यांची दोरी सक्तीची केली आणि तळाच्या गळदोरीच्या बोटींवर पक्ष्यांचे मृत्यू ९८ टक्क्यांनी घटले. या दोऱ्या वाल्व्हिस बे गावातल्या बायकांचा गट तयार करतो. गावात बनलेली, स्वस्त, तुटली तर गावातच नवी मिळणारी वस्तू होती. तुमचं वर्कशॉप असंच काही करू शकेल.

कागदपत्रं_बघतो
परवानगीशिवाय पिंगर समुद्रात टाकू नका. पहिल्या अनुसूचीतल्या प्राण्याला मुद्दाम हुसकावणं हासुद्धा कायद्याचा प्रश्न होऊ शकतो. वेरावळलाच केंद्रीय मत्स्य तंत्रज्ञान संस्थेचं केंद्र आहे. जाळी आणि अवजारं हाच त्यांचा विषय. तिथे बोटमालकांना घेऊन जा आणि चाचणी त्यांच्यामार्फत करा. वनखात्याला पत्रही त्यांच्याच सल्ल्यानं लिहा.

मूळ प्रश्नकर्ती
सगळ्यांचे मनापासून आभार. हर्णैचे दादा, काल बोटमालकांना फोन केला. जाळं सुरमई आणि ट्यूनाचं आहे, रात्री वरच्या पाण्यात सोडतात. दोऱ्या वाढवायचं ऐकून ते गप्प झाले, मग म्हणाले, एवढं तर उद्या सकाळी करता येईल.

असं ठरलंय: अर्धी जाळी नेहमीसारखी, अर्धी २ मीटर खाली. कोणत्या जाळ्यात किती मासे आले आणि काय अडकलं, हे एक खलाशी वहीत लिहील, अगदी काही अडकलं नाही तरी. वही घेऊन आम्ही दोघं वेरावळच्या केंद्रात जाऊ. पिंगरचे दोन नमुने मी करून ठेवते आहे, पण ते इथे टाकीतच तपासणार. त्यासाठी १० किलोहर्ट्‌झच्या पुढचं मोजणारा हायड्रोफोन, म्हणजे पाण्यातला मायक्रोफोन, हवा आहे. बडोद्यात किंवा सुरतेत कुणाकडे असेल तर आठ दिवसांसाठी मिळेल का? भाडं देईन, नेणं-आणणं माझ्याकडे.