मदत हवी आहे: चासी गंजली, पट्टी मारू की बदलू?

कास्तकार_दारव्हा
आजोबांची गाडी आहे. पोळ्याच्या आधी रस्त्यावर आणायचीच. मागून डाव्या बाजूला चासी, म्हणजे खालचा लोखंडी सांगाडा, गंजली आहे. स्क्रूड्रायव्हर टोचला तर मुठीपर्यंत आत गेला. गावातला वेल्डिंगवाला म्हणतो, वरून पट्टी मारतो, दोन तासांचं काम. यवतमाळचा मिस्त्री म्हणतो, चासीच बदला. कोणाचं ऐकू? लवकर सांगा, चार दिवसांपासून गाडी विटांवर उभी आहे.

लोखंडी_हात
गाडी कोणती ते तर सांगा. अँबॅसिडर किंवा पद्मिनी असेल तर वेगळी चासी नसतेच, बॉडीच भार घेते. आणि विटांवर ठेवून खाली शिरू नका! वीट एकदम फुटते. लाकडी ठोकळे लावा, आजच.

कास्तकार_दारव्हा
जीप आहे हो. सीजे-३बी, १९७१ ची, पेट्रोल. फोटो चढत नाही. मागच्या कमानपाट्याचं शॅकल (पाटा चासीला जोडणारी हलती कडी) बसतं तिथंच गेली आहे. ठोकळे लावतो.

बाप्पू_वाशीम
भाऊ, ५० वर्सं होऊन गेली ना? मंग व्हिंटेजमंदी नोंदवा. व्हिंटेजचा व्हीए अक्षरंवाला नंबर भेटते.

लोखंडी_हात
बाप्पू, त्यांनी नंबर विचारलाच नाही. व्हिंटेजची नोंद झाली की गाडी फक्त प्रदर्शन-रॅलीसाठी काढता येते, रोज वापरता येत नाही. कास्तकार, तिथं आधी कधी काम झालं होतं का?

कास्तकार_दारव्हा
हो, ते सांगायचं राहिलं. बारा-तेरा वर्षांपूर्वी एकानं तिथंच पट्टी मारली होती. काल छिन्नीनं उचलली तर मधून ओल्या काळ्या मातीचा गोळा निघाला, अन् लोखंडाचे पापुद्रे. आजोबा याच गाडीत युरियाची पोती आणायचे.

लोखंडी_हात
झालं, हेच कारण. युरिया ओलावा धरतो, काळी माती तो सुकू देत नाही, आणि पट्टीमागचं कोणाला दिसत नाही. गंजावर पुन्हा पट्टी मारू नका. चांगलं लोखंड लागेपर्यंत कापा, तेवढ्याच जाडीचा तुकडा बसवा. आडवा सरळ जोड देऊ नका, तिथूनच तडा जातो. जोड तिरपा ठेवा. कापण्याआधी चासीचे दोन्ही कर्ण (कोपऱ्यापासून समोरच्या तिरप्या कोपऱ्यापर्यंत) मोजून लिहून ठेवा, नाहीतर गाडी तिरकी चालेल.

बाप्पू_वाशीम
येवढं कायले? दर पावसाळ्याच्या आदी जळकं आइल मारा. आमच्या बुढ्याची ट्रॉली तशीच टिकली, अजून चालते.

स्पार्क_अकोला
तेल भोक पडायच्या आधी. वेल्डिंगच्या जागी तेल राहिलं तर टाका फुगतो, वर आग लागायची भीती. माझं मत, सीओटूनंच, म्हणजे गॅसच्या वेल्डिंगनंच (तार अन् कार्बन डायऑक्साइड) करा.

लोखंडी_हात
गावात उघड्यावर सीओटू? वाऱ्यानं गॅस उडतो, टाका जाळीसारखा होतो. साध्या वेल्डिंगचे ७०१८ नंबरचे रॉड घ्या, पण भट्टीत तापवून कोरडे केलेले. पावसाळ्यात दमट झालेले रॉड वापरू नका.

स्पार्क_अकोला
आडोसा केला की सीओटू चालतं, मी स्वतः केलंय. आणि ७०१८ सगळ्यांच्या हाताला बसत नाही. वेल्डिंगवाल्याकडून आधी भंगाराच्या तुकड्यावर टाका मारून घ्या, मग तो तुकडा वाकवून बघा.

कास्तकार_दारव्हा
तुम्ही आपसात ठरवा, पण मला सांगा, चासी बदलायची की नाही?

लोखंडी_हात
एकाच जागी गेली असेल तर नाही. बदलायची तर आधी आरटीओची परवानगी लागते. चासी नंबरच्या आसपास ग्राइंडर नेऊ नका. बॅटरी सोडा, ड्रायव्हरच्या सीटखालची पेट्रोल टाकी काढून लांब ठेवा. मग पूर्ण चासीवर हातोडी वाजवत जा. चांगलं लोखंड टणटण वाजतं, गंजलेलं ठप्प.

कास्तकार_दारव्हा
वाजवली. डाव्या बाजूला तेवढाच एक वीतभर भाग. पण उजवीकडे, शॅकलच्याच जागी, तसाच ठप्प आवाज आला. वरून रंग एकदम चांगला आहे. आता?